थोरलीचं जेवण

वडील गेले आणि आईचं जेवणावरचं मनच उडालं. जन्मभर ती त्यांच्या मागून जेवली. कुणाची सक्ती नव्हती, उलट वडील त्यावरून रोज कटकट करायचे. पण "तुमचं होऊ द्या, मग मी निवांत बसते" हे तिचं ठरलेलं. आता ज्याच्या मागून बसायचं ते माणूसच राहिलं नाही. ताट समोर आलं की ती दोन घास चिवडायची आणि हात धुवायची. असंच चाललं तर नळीनं भरवावं लागेल, असं डॉक्टरांनी लेकीला सांगितलं.

लेक समुद्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत होती. खोल तळाशी वर्षभर ठेवलेला कॅमेरा जहाजानं वर काढला होता. त्यातले फोटो एकेक करून बघायचे, वरून काय पडलं आणि कुणी खाल्लं ते टिपायचं, हे तिचं काम. फोटो क्रमानंच बघायचे असा तिथला दंडक होता. पुढचं आधी कळलं की नसलेलंही दिसायला लागतं.

एकदा ती काम घरी घेऊन बसली असताना आई मागून डोकावली.

"हे काय गं, चिखलात फूल?"

"समुद्रफूल. प्राणीच आहे तो. वरून पडेल ते खातो."

"आणि वरून कोण टाकतं?"

लेकीनं सांगितलं. वर उन्हात बारीक वनस्पती पाण्यातला कार्बन घेऊन वाढतात. त्यांना चिमुकले जीव खातात, त्यांना मोठे. त्यांची विष्ठा, मेलेली अंगं, सगळ्याचा चिकट भुगा होऊन खाली उतरतो, आणि वाटेत जो तो त्यावर ताव मारतो. तळाशी पोचतो चिमूटभर, पण तिथली सगळी दुनिया त्यावरच जगते.

"म्हणजे उष्ट्याचं उष्टं," आई म्हणाली. "ही बयासुद्धा सगळ्यांच्या मागून जेवते."

तिनं त्या प्राण्याचं नाव थोरली ठेवलं. थोरलीच्या तोंडाभोवती बोटांसारखे धागे होते; त्यातलं एक बोट तुटलेलं होतं, ते आधी आईच्याच लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "थोरलीचं झालं का?" फोटोत भुग्याचा गोळा पडला होता आणि थोरलीनं बोटं मिटून घेतली होती. झालं, म्हटल्यावर आई ताटावर बसली आणि सगळा भात संपवला. लेक बघतच राहिली.

चार दिवस बरे गेले. मग फोटोंत हिवाळा आला, वरचं पीक आटलं, आणि खाली काही पडेनासं झालं. थोरली बोटं पसरून बसलेली. आई ताट सरकवायची.

"अगं, हे फोटो गेल्या वर्षीचे आहेत!"

"असू देत. तिचं होऊ दे."

शेवटी लेकीनं दंडक मोडला आणि एकदम वसंतातले फोटो उघडले. तळ हिरवट भुग्यानं भरून गेला होता, तळावर सरपटत भुगा खाणाऱ्या गुबगुबीत समुद्रकाकड्यांची झुंबड उडाली होती. थोरलीच्या जागी नुसता खळगा होता.

संध्याकाळी आईचं ताट वाढल्यावर लेकीनं तिला त्याच फोटोच्या कोपऱ्यातलं दुसरंच समुद्रफूल दाखवलं. "बघ, झालं तिचं."

आईनं चष्मा लावला. "हिची सगळी बोटं शाबूत आहेत."

लेकीला रडू कोसळलं. "थोरली नाही गं. कुठं गेली ते मलाही माहीत नाही. तू जेवावंस म्हणून..."

आईनं फोटोतल्या गर्दीवर बोट ठेवलं. "आणि या कोण?"

"समुद्रकाकड्या."

"काकड्या म्हणे! यापण उपाशीच होत्या ना इतके दिवस?"

"हो."

"आणि मी आपली एकीकडेच डोळे लावून बसले." आईनं लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. गालाची हाडं वर आली होती. "तू कधी जेवतेस गं?"

"तुझं झाल्यावर."

"आणि माझं होत नाही तेव्हा?"

आई भिंतीला धरून उठली, स्वयंपाकघरातून दुसरं ताट आणलं, स्वतःच्या हातानं वाढलं आणि लेकीपुढे ठेवलं.

"खा."

"आधी तू."

आईनं आपलं ताट ओढलं आणि जन्मात पहिल्यांदा समोर बसलेल्या माणसाच्या आधी घास घेतला.