गार इंजिन

आईला दर आठवड्याला उपचारांना न्यायचं म्हणून शिवणकाम करणाऱ्या मावशी आयुष्यातली पहिली गाडी घ्यायला आल्या होत्या, तीही जुनी. विक्रेता चावी फिरवणार, तोच त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. ते चांगलंच तापलं होतं.

"मी यायच्या आधीच चालवून ठेवलीत होय? माझा मेकॅनिक भाऊ म्हणतो, गार इंजिनच खरं बोलतं. गार होऊ दे."

"अहो मावशी, दोन-तीन तास जातील!"

"जाऊ देत." मावशी खुर्ची ओढून ठाण मांडून बसल्या.

तीन तासांनी चावी फिरवली, तेव्हा गाडी खोकली, थरथरली आणि तिने निळा धूर ओकला. विक्रेत्याचं तोंड एवढंसं झालं.

मावशींनी पदर खोचला. "आता दुसरी दाखवा. आणि तिला आधी हात लावू नका."