रेलिंगवरची बुजगावणी

मंदी आली आणि दौलतशेठच्या डोळ्यांत सगळ्यात आधी जहाजावरचे बंदूकवाले खुपू लागले. शारजातल्या त्याच्या ऑफिसात जहाजांची सुरक्षा चंद्रशेखर बघायचा. नेव्हीतून निवृत्त झालेला माणूस. दोरीची गाठ मारावी तर त्यानेच, आणि हे चारचौघांत सांगायचाही तोच.

"चंदूभाई, गार्ड्स का बजेट खलास," शेठ म्हणाला. "सोमालिया के पायरेट दूर से देखते हैं. आदमी दिखना चाहिए, बस."

सोमालियाच्या वाटेने निघणाऱ्या जहाजावर चंद्रशेखरच्या बहिणीचा, प्रमिलाचा, मुलगा निनाद थर्ड ऑफिसर होता. "मी इथे बसलोय ना? काळजी कसली करतेस?" असं त्याने प्रमिलाला छातीठोकपणे सांगितलं होतं. तरी शेठपुढे त्याची मान हललीच. नोकरी गेली की व्हिसा जातो आणि मुलीची शाळाही, हे त्याचं कारण. कारणं काय, प्रत्येकाकडे असतात.

मुसफ्फाच्या वर्कशॉपमधून जुने बॉयलर सूट आले. इंटरनॅशनल सिटीतल्या घराच्या हॉलमध्ये त्याच्या बायकोने, सुलभाने, त्यात चिंध्या कोंबल्या, तोंडं शिवली आणि प्रत्येकाच्या गालावर काजळाची तीट लावली. भाचा सोबत जाणार होता, म्हणून.

"आई, दे आर डमीज, नॉट बेबीज," मुग्धा म्हणाली.

खोर फक्कानच्या बंदरात चंद्रशेखरने स्वतः जहाजावर चढून एकेक बुजगावणं रेलिंगला बांधलं. "मामा, ही तर आमच्यापेक्षा शिस्तीत उभी आहेत," निनाद हसत म्हणाला. मामांची कॉलर ताठ झाली.

एडनच्या आखातात चाच्यांनी जहाज धरलं. दुसऱ्या दिवशी पाठलागावरच्या एका युद्धनौकेचा ऑफिसात फोन आला. रेलिंगला माणसं उभी आहेत, हलत नाहीत, चाचे त्यांच्या आडून गोळ्या झाडतायत. ती माणसं कोण, असं अधिकारी विचारत होता.

दुसरा कोणी असता तर 'सांगता येत नाही' म्हणाला असता. पण नेव्हीतला साहेब आपल्या कामाबद्दल विचारतोय, म्हटल्यावर चंद्रशेखरला राहवेना.

"डमीज, सर. मी स्वतः बांधलेत. सुटणार नाहीत."

समोर बसलेल्या शेठने शाबासकीचा अंगठा वर केला. तिकडे युद्धनौकेने रेलिंगवर सरसकट गोळीबार केला.

जहाज सुटलं. निनाद परत आला, तो एका पायानिशी. सुलभाने दिलेला शिऱ्याचा डबा घेऊन चंद्रशेखर हॉस्पिटलात गेला.

"आई म्हणते, मामा होते म्हणून वाचलास," निनाद म्हणाला. "डमीज चाच्यांनी लगेच समुद्रात फेकले. युद्धनौका दिसली तेव्हा त्यांच्या जागी आम्हाला उभं केलं. तुमच्याच दोऱ्यांनी बांधलं. हललात तर मारू म्हणाले. आमचे खलाशी खैरुद्दीनचाचा माझ्या शेजारी होते. ते तिथेच गेले."

चंद्रशेखरला स्वतःची किळस आली.

"मामा, नेव्हीवाले असे उगाच गोळ्या घालत नाहीत ना? आम्ही माणसं नाही, हे त्यांना कोणी सांगितलं असेल?"

चंद्रशेखरने डब्याचं झाकण काढलं.

"कुणास ठाऊक," तो म्हणाला. "शिरा खा. गार होतोय."