उंबऱ्याच्या आतला पाय

अनयच्या फिल्ममधला माणूस दार उघडून बाहेर पडायचा, आणि नेमकी तिथेच फिल्म मरायची.

तसं पाहिलं तर त्या माणसाच्या चालण्यात खोट काढण्याजोगं काही नव्हतं. आधी टाच टेकत होती, मग तळवा. खांदे कमरेच्या उलट दिशेने वळत होते. हातातल्या पिशवीचा झोका पावलामागून किंचित उशिरा येत होता. अंधेरीच्या इन्स्टिट्यूटमध्ये कॉम्प्युटर ॲनिमेशनचं जे जे शिकवलं, ते ते अनयने त्या एका माणसात ओतलं होतं. शेवटच्या वर्षासाठी करायची ही फिल्म जेमतेम तीन मिनिटांची होती आणि तिला संवाद नव्हते. एक माणूस सकाळी उठतो, चहा पितो, चपला घालतो, जातो.

रेवती मॅडमनी शेवटचा शॉट पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला.

"चाल झकास आहे रे," त्या म्हणाल्या. "पण हा घर सोडत नाहीये, नुसता फ्रेमच्या बाहेर पडतोय. कोणाला असं निघताना पाहिलंयस का कधी नीट?"

अनयने "बघतो" म्हणून लॅपटॉप मिटला. 

खरं उत्तर हे होतं, की त्याने पाहिलंच नव्हतं. तो माणूस म्हणजे त्याचे बाबा. अनय दहावीत असताना एका सकाळी ते मुलुंडच्या घरातून ऑफिसला निघाले आणि दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला. ते निघाले तेव्हा अनय झोपेत होता. जागी होती ती फक्त आई, आणि त्या दिवसाविषयी मायलेकांत पुढे कधी शब्द निघाला नाही. बाकी सगळं बोलणं व्हायचं: सोसायटीची मीटिंग, मावशीचे गुडघे, गॅसचा नंबर. मात्र बोलता बोलता त्या सकाळच्या जवळ आलं, की दोघंही पाण्याने भरलेला खड्डा चुकवावा तशी वळसा घालून पुढे जात. आणि आता त्या सकाळवाचून त्याची फिल्म पुरी होत नव्हती.

रविवारी दुपारी त्याने धीर केला. त्याची आई, शुभा, टेबलाशी मेथी निवडत बसली होती. त्याने तिच्यासमोर लॅपटॉप ठेवला.

"आई, जरा बघतेस?"

"तुझं कार्टून ना? थांब, चष्मा आण माझा."

तिने पाहिलं. मागे सरकलेले केस, ढगळ बाह्या, कपातला शेवटचा घोट घेताना वर होणारी भुवई. तिच्या बोटांतली जुडी तशीच राहिली. माणूस दाराबाहेर पडला, पडदा काळा झाला, तरी ती त्याच्याकडेच पाहत राहिली. आपण हे करायला नको होतं, असं अनयला वाटू लागलं.

"असे नाही निघाले ते," शुभा अखेर म्हणाली.

"मग कसे?"

"हा बघ ना, सरळ चालू लागला. जातो म्हणून निघाल्यासारखा. घरातून निघताना कोण म्हणतं रे, जातो?"

अनयचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्याकडे गेलं. शॉटला त्याने नावच दिलं होतं: 'बाबा जातात'. गेले कित्येक महिने तो हे नाव रोज टाइप करत होता. जो शब्द या घरात दारापाशी कोणी कधी उच्चारला नाही, त्याच शब्दावर त्याने बाबांना चालायला लावलं होतं.

"येतो म्हणायचे. आणि एकदा म्हणून कधी भागलंय त्यांचं?" शुभाने पदराला हात पुसले. "थांब, दाखवते."

तिने दार उघडलं. एक पाय बाहेर जिन्याच्या फरशीवर टाकला, दुसरा उंबऱ्याच्या आतच ठेवला. हात कडीवर. आणि मग बाहेर निघालेलं सगळं अंग तसंच ठेवून तिने मान आत वळवली, हनुवटी थोडी उचलली, स्वयंपाकघरात कोणाला तरी शोधल्यासारखी.

"येतो गं."

आवाज तिचाच होता. नक्कल करायचा तिने प्रयत्नही केला नाही. पण डावा खांदा न दिसणाऱ्या पिशवीच्या ओझ्याने खाली उतरला होता, आणि आतल्या पावलाची बोटं फरशी सोडायला तयार नव्हती. समोर आई उभी होती, आणि आईच्या अंगात बाबा निघत होते. माणूस गेला, त्याचे कपडे वाटून टाकले, पण त्याचं निघणं इतकी वर्षं जसंच्या तसं हिच्या खांद्यात राहिलं, आणि हे तिलाही ठाऊक नव्हतं!

समोरच्या काकूंनी दार किलकिलं केलं. "काय गं शुभा, कुठे निघालीस?"

"कुठे नाही हो. लेकाला निघायचं कसं ते शिकवतेय."

दार लागल्यावर अनयने हळूच विचारलं, "मग तू काय म्हणायचीस?"

"मी काय म्हणणार? 'या' म्हणायचे." आणि ती पुन्हा मेथीकडे वळली.

त्याने जुनी चाल पुसून टाकली. पडद्यावरच्या माणसाला एक पाऊल बाहेर टाकू दिलं आणि शरीराचा सारा भार उंबऱ्याच्या आतल्या पायावर ठेवला. मग मान वळवली. घाईने नाही, आधी नजर, मग हनुवटी, मग अनिच्छेने मागून येणारा खांदा. अजून रंगही न चढलेला तो करडा बाहुला वळला आणि त्याने आत पाहिलं. अनय खुर्चीत मागे सरला. सांधा न् सांधा त्याने स्वतः फिरवला होता, तरीही त्या पाहण्यात असं काहीतरी होतं जे त्याने घातलेलं नव्हतं.

विद्यार्थ्यांच्या फिल्म घाटकोपरच्या एका छोट्या हॉलमध्ये दाखवल्या. अनयच्या आधी त्याच्या वर्गातल्या इरावतीची फिल्म होती, माहुलच्या खाडीतल्या एका खेकड्याची. खेकड्याचे पाय मधूनच चिखलाच्या आरपार जात होते, लाटा प्लास्टिकच्या वाटत होत्या. पण रिफायनरीच्या चिमणीवरची ज्योत त्याच्या मोहरीएवढ्या डोळ्यात हलली आणि तो थबकला, तेव्हा सगळा हॉल त्याच्याबरोबर थबकला.

"हा खेकडा खरा नाहीच ना रे कुठे?" शुभाने कुजबुजत विचारलं.

"नाही."

"आणि तरी बघ ना, घाबरलाय बिचारा."

मग बाबा आले. उठले, चहा प्यायले, चपला घातल्या. अनयने पडद्याकडे न पाहता अंधारातल्या चेहऱ्यांकडे पाहिलं. दार उघडलं. पाऊल बाहेर पडलं, मान आत वळली, आणि पुढच्या रांगेतल्या कोणा एका आजी, आपण थिएटरात आहोत हे विसरून, घरच्यासारख्या म्हणाल्या, "या हं."

कोणी हसलं नाही. शुभाने अनयचं मनगट धरलं आणि दिवे लागेपर्यंत सोडलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर गर्दी ओसरेपर्यंत दोघं उभी राहिली.

"छान झालीय," ती म्हणाली. "अगदी तसेच. पण एक राहिलंय."

"काय?"

"चपला घालण्याआधी तुझ्या खोलीत गेले होते ते. पंखा फुल्ल ठेवून झोपला होतास, चादर खाली. ती उचलून घातली तुझ्या अंगावर."

इतकी वर्षं अनय समजत होता, की त्या सकाळीत आपण नव्हतोच. फिल्ममधल्या घराला त्याने दुसरी खोलीसुद्धा बांधली नव्हती.

"कापड फार कठीण असतं गं, आई," तो कसाबसा म्हणाला. "अंगावर पडताना कसं वळेल, कुठे सुरकुती पडेल... मला अजून येतच नाही ते."

"मग शीक की. मी आहे ना सांगायला." तिने हवेतच दोन टोकं धरल्यासारखे हात वर केले. "झटकली नव्हती हं, तू जागा होशील म्हणून. अशी, वरून, नुसती सोडली."

तिचे हात सावकाश खाली आले. अनय त्या हातांकडे पाहत राहिला, आणि त्यांच्यामधल्या रिकाम्या जागेकडे.