अध्यक्षांच्या तोंडचं 'आहे'

सभागृहात पेन्सिलरावांना खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. सदस्यांच्या बाकांपुढच्या टेबलाशी मान मोडून बसायचं आणि बोललेला शब्द न् शब्द लघुलिपीत टिपायचा, यात त्यांचा जन्म गेला. हात असा की, सदस्यानं जांभईला तोंड उघडावं आणि इकडे कंसात जांभई पडलेली असावी. एकदा तर एका मंत्र्याचं वाक्य त्यांनी मंत्र्याच्या आधी संपवलं. मंत्री वाकून बघून उरलेलं बोलला. पटत नसेल तर त्यालाच विचारा. तो नाकबूल करील, म्हणजे खरंच.

संध्याकाळी ही सगळी मंडळी घरी पुन्हा अवतरत. पेन्सिलराव एकेकाची नक्कल करत, आणि गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसलेला चष्मेवाला हसता हसता अर्धी बादली फरशीवर सांडे. जग म्हणे, तो त्यांचा भाडेकरू. एका पांघरुणावरून उभी हयात भांडलेला भाडेकरू!

गेल्या वर्षी तो गेला. पेन्सिलराव हेडक्लार्ककडे रजा मागायला गेले.

"मयत कोण? नातं?"

"भाडेकरू."

"मग तोंड एवढंसं का झालंय? भाडं बुडवून गेला की काय?" हेडक्लार्क स्वतःच्याच विनोदावर खिदळला. बायको गेली असती तर रजा होती. भाडेकरूची नव्हती. त्या दुपारी पेन्सिलरावांनी गटारांवरची चर्चा टिपली. एक शब्द चुकला नाही.

आणि आज विधेयक आलं: दोन पुरुषांच्या किंवा दोन बायकांच्या लग्नाला सरकारनं मान्यता द्यावी की नाही.

दाढीवाले सदस्य उठले. "धर्माचं मी काढतच नाही. एकत्र राहा, प्रेम करा, अडवलंय कोणी? पण त्यावर सरकारी शिक्का कशाला?"

"शिक्का एवढा फालतू असेल तर आधी तुमच्या लग्नावरचा पुसा की!" समोरच्या बाई कडाडल्या.

"बाई, तो पुसायला आमची ही केव्हाची टपलीय!"

(हशा), पेन्सिलरावांनी टिपलं.

"थट्टा जाऊ द्या. शिक्क्यावाचून ज्याचं अडलं, असा एक तरी माणूस या सभागृहात आहे का?"

पुन्हा हशा. पेन्सिलरावांनी कंस उघडला, हशा लिहिला, कंस मिटला. पुढे लिहिलं: 'एक आवाज: आहे.'

लिहून झाल्यावर त्यांना कळलं, आवाज आपलाच.

"कोण बोललं?" अध्यक्षांनी विचारलं. सदस्य एकमेकांकडे बघू लागले. टेबलाकडे कुणी बघितलं नाही. टेबल कधी बोलतं का?

"सदस्यांपैकी कुणी नसेल, तर बाहेरच्याचा आवाज कामकाजात राहणार नाही. 'आहे' हा शब्द काढून टाका."

पेन्सिलरावांनी आपल्या हातानं आपला शब्द खोडला. पण अध्यक्षांच्या तोंडचं अक्षरही गाळायचं नाही, हा सभागृहाचा नियम. हुकूम जसाच्या तसा उतरवावा लागला, आणि त्यात 'आहे' होतंच.

सचिव अध्यक्षांच्या कानाशी लागले. अध्यक्ष तापले. "मग माझ्या तोंडचं 'आहे'सुद्धा काढा!"

झाली दोन.

"अहो, हे 'आहे', ते 'आहे', झाडून सगळी 'आहे' काढा म्हणतो मी!"

झाली पाच. अध्यक्षांनी हातोडा आपटला, विधेयक पुढच्या अधिवेशनावर ढकललं आणि रागारागानं चहाला निघून गेले.

पेन्सिलराव घरी जवळजवळ पळतच आले. असला किस्सा जन्मात हाती लागला नव्हता. जिन्यातच त्यांनी अध्यक्षांसारखे गाल फुगवले, कुलूप काढलं, दार ढकललं. "अरे ऐक, आज काय झालं..."

बादली न्हाणीघरात पालथी पडली होती.

फुगवलेले गाल हळूहळू खाली बसले. मग त्यांनी पाणी तापवलं, बादली भरली, खुर्चीपुढे नेऊन ठेवली. समोर उभं राहून अध्यक्ष केले, दाढीवाले केले, बाई केल्या. पाचव्या 'आहे'पाशी, जिथे हशाचा कंस उघडायचा, तिथे ते थांबले.

फरशी कोरडीच राहिली.