पदरातून गाळलेलं औषध

"माझ्यासमोर घेऊन दाखवा," डॉक्टर म्हणाले. "उद्या गुण आला नाही, तर औषध चुकलं की घेणं चुकलं, हे बघितल्याशिवाय मला कळायचं नाही."

बनाबाईंनी पदर नाकापर्यंत ओढला. हिंगोलीच्या त्या दवाखान्यात दारापर्यंत गडीमाणसं उभी, आणि शेजारीच त्यांचे थोरले दीर देविदास. त्या तोंड उघडणार नव्हत्या, हे त्यांची सून साधना जाणून होती. तिच्या कडेवर लेक निलम किरकिरत होती, गावाकडची, जवळा बाजारची गाडी सुटायला आली होती.

"राहू द्या सर," साधना म्हणाली. "मी घरी शिकवते. बी.ए. झालेली आहे मी."

घरी तिने औषधाची पूड ओढायचं यंत्र रिकामंच तोंडाला लावून दाखवलं. कॅप्सूल घालून फिरवायचं, श्वास सोडायचा, ओठ घट्ट मिटून पूड जोरात आत ओढायची, दहा म्हणेपर्यंत दम धरायचा.

"कळलं का आत्याबाई?"

"कळलं गं माय. मी काय शेंबडं लेकरू हाय?"

ही गेल्या दिवाळीतली गोष्ट. चाळीस वर्षं कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या धुरात भाकरी थापून बनाबाईंची छाती धरली होती. डॉक्टरांनी आधी लगेच दम हलका करणारी कॅप्सूल दिली. उतार पडेना, म्हणून दुसरी जोडली. मग दिवसभर पुरणारी तिसरी. थंडीत दोनदा छाती भरली. निलमला सर्दी झाली की साधना तिचे श्वास मोजायची. आता सासूचेही मोजू लागली. मिनिटाला तीस. पुन्हा छाती भरली तर नांदेडला न्यावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते.

"काहून खेटे घालून राहिली पोरी?" देविदास ओट्यावरून म्हणायचे. "पुडीनं कुठं दमा जातो?"

फाल्गुनात एकदा धुणं घासताना बनाबाईंच्या हिरव्या लुगड्याच्या पदरावर तिला पांढुरका गोल डाग दिसला. पीठ असेल. पण दोन महिने बनाबाईंनी परातीला हात लावला नव्हता. साधनाने डाग नखाने खरवडून जिभेला लावला. किंचित गोड. पीठ नव्हतं, पूड होती.

दुपारच्या कॅप्सूलच्या वेळी ती दाराआड उभी राहिली. बनाबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या, पदर तोंडावरून घेतला, त्याच्यावरून यंत्र लावलं आणि ओढलं.

"आत्याबाई! पदरातून?"

"मंग? थोरले ओट्यावर बसून राहतेत, दार सताड उघडं. नरसाळं तोंडात खुपसून... गाल फुगवून... बाईमाणसाला शोभतंय व्हय?"

"चार महिने असंच?"

"औषिद जातंय की गाळून. च्या न्हाई गाळत?"

साधनाला ओरडावंसं वाटलं, पण कुणावर? शिकवलं तिनेच, बघितलं मात्र एकदाही नव्हतं. तिने दार लोटलं. सासूचा पदर आपल्या हाताने खाली घेतला, नवी कॅप्सूल घातली. "आता ओढा."

बनाबाईंना ठसका लागला. पाव तासाने त्या म्हणाल्या, "सकाळच्या भाजीत मीठ लई पडलं होतं, मी तवाच बोलणार होते पण दमच न्हवता."

मधे कुठेही न थांबता. एवढं लांब बोलणं साधनाने त्यांच्या तोंडून दिवाळीनंतर ऐकलं नव्हतं.

पुढच्या खेपेला तिने डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. एक औषध त्यांनी खोडलं. म्हणाले, "थंडीत छातीची जेवढी ताकद गेली, तेवढी परत यायची नाही. ओट्यापर्यंत चालतील. शेतापर्यंत नाही."

"ओटा तर ओटा," बनाबाई म्हणाल्या.

खिडकीपाशी औषधं विकत घेत असताना पुकारा झाला, "लक्ष्मीबाई, हट्टा." हट्टा गावची साठीची बाई, भिंत धरून आत गेली. तिच्याबरोबरच्या माणसाचं बोलणं बाहेर ऐकू आलं, "दाखवायचं राहू द्या सायेब. घरी घेतीन ती." हिशेब चुकता करून साधना मागे वळली, तोवर ती दोघं निघून गेली होती. ती रस्त्यापर्यंत पळाली. त्यांना घेऊन जीप भरून चालली होती.

जवळ्याच्या आठवडी बाजारात हट्ट्याचं कुणी भेटलं की साधना विचारते. अजून कुणाला ओळख पटलेली नाही. तुमच्यापैकी कुणाचं हट्ट्याला येणं-जाणं असेल, तर एवढं करा. लक्ष्मीबाईच्या हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण आहे, बोलताना दोन शब्दांनंतर थांबते. तिच्यापाशी बसा, गड्यांना बाहेर पाठवा, आणि ती औषध कसं घेते ते बघा.

पण जरा लवकर जा.