घाईचा हात

सेंट्रिफ्यूजची जुळणी स्लोव्हाकियाला जाणार, हे कारखान्यात मार्चमध्ये जाहीर झालं. दुधातली साय काढायला, सांडपाण्याचा गाळ वेगळा करायला लागणारी ही मोठी यंत्रं जर्मनीतल्या नेकार नदीकाठच्या त्या गावात दोन पिढ्या तयार होत होती. आता नीत्रा शहराबाहेर नवी शेड उभी राहिली होती, आणि तिथल्या माणसांना काम शिकवायचं होतं ते इथल्याच माणसांनी. आपल्याच हाताने आपला खड्डा खणायचा, असं युनियनचा डीटमार म्हणाला आणि ते खोटं नव्हतं.

यंत्राच्या पोटात गरगरणारा जड रोटर बसवण्यात राइनर हेफेलेचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याच्याकडे नीत्र्याहून शिकायला आली ल्युबित्सा. चाळिशीची, रुंद खांद्यांची बाई. आधी वॉशिंग मशीनच्या कारखान्यात होती. लेकीला आईपाशी ठेवून आली होती.

"शिकव की, पण सगळं नको शिकवूस," डीटमार जेवणाच्या सुट्टीत म्हणाला. "थोडं मीठ आपल्या खिशात ठेव."

राइनर हसला. त्याच्या मनात तसं काही नव्हतं. निदान तेव्हा तरी नव्हतं.

पहिले काही दिवस तो तिच्याशी कामापुरतं बोलला. पण ल्युबित्साला एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागत नसे. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये ती प्रश्न विचारी आणि उत्तर मिळेपर्यंत हलत नसे. असा शिष्य राइनरला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. त्याने घरी सांगितलं तेव्हा त्याची बायको गुड्रुन म्हणाली, "मग रविवारी जेवायला आण तिला. हॉटेलच्या खोलीत एकटी काय करत असेल?"

ल्युबित्सा आली ती खसखशीची गोड गुंडाळी घेऊन. कुठून तरी भट्टी मिळवून तिने ती स्वतः भाजली होती. जेवण झाल्यावर राइनरने ग्लास पुढे केला. "आता 'हेर हेफेले', साहेब वगैरे पुरे. मला राइनर म्हण. तू म्हण."

"तू," ती लाजत म्हणाली, आणि गुड्रुनने टाळी वाजवली.

त्यानंतरच्या आठवड्यात बेअरिंग बसवायची वेळ आली. बेअरिंग तापवून शाफ्टवर सरकवतात, म्हणजे ते गार होताना घट्ट आवळून बसतं. हे सूचनापत्रात लिहिलेलं होतं. लिहिलेलं नव्हतं ते एवढंच, की गार होताना ते आकसतं आणि शाफ्टवरच्या ज्या पायरीला टेकायला हवं तिच्यापासून केसभर मागे सरकतं. म्हणून ते निवेपर्यंत नट पुन्हा पुन्हा आवळत, दाबून धरावं लागतं. राइनरने बेअरिंग सरकवलं, नट आवळला, आणि स्वतःच्या तोंडून शब्द ऐकले, "स्टोअरमधून चिंध्या घेऊन ये जरा."

ती परत आली तोवर काम झालं होतं.

पुढच्या वेळीही तेच. मग पुन्हा. "बेअरिंग गार व्हायला लागलं की तुला चिंध्या कशा रे आठवतात?" तिने हसत विचारलं.

"म्हातारा झालो," राइनर म्हणाला. उद्या सांगू, असं त्याने मनाशी ठरवलं. तो उद्या उजाडलाच नाही. निरोपाच्या दिवशी ल्युबित्साने गुड्रुनला मिठी मारली आणि राइनरचा हात दोन्ही हातांत धरला.

उन्हाळ्यात नीत्र्याहून फोन आला. पहिल्या यंत्राच्या चाचणीत, गिऱ्हाइकाच्या माणसांसमोर, रोटर थरथरायला लागला होता आणि यंत्र बंद करेपर्यंत झाकण तडकलं होतं. नशिबाने कुणाला लागलं नाही. मुख्य अभियंता टिलमान राइनरला घेऊन निघाला.

उघडलेल्या यंत्रापाशी ल्युबित्सा उभी होती. डोळे सुजलेले. टिलमानने काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "चूक माझी आहे. राइनरने मला नीट शिकवलं होतं."

राइनरने वाकून पाहिलं. बेअरिंग मागे सरकलं होतं. त्याला पाहायची गरजही नव्हती.

"काय चुकलं हिचं?" टिलमानने विचारलं.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. गिऱ्हाइकाची माणसं, तिथला तरुण मॅनेजर, सगळे त्याच्याकडे पाहत होते. राइनरने हात पुसले.

"हात जरा घाईचा आहे," तो म्हणाला.

ल्युबित्साने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

रोटरची जुळणी निदान वर्षभर जर्मनीतच राहील, असं ठरलं. गावात राइनरची मिरवणूकच निघायची बाकी होती. डीटमारने बिअरचं पिंप आणलं. "मीठ खिशात ठेवलंस ना, लबाडा," तो कानात पुटपुटला आणि पाठीवर थाप मारली. राइनरने ग्लास ओठाला लावला आणि तसाच खाली ठेवला. कुणी त्याच्या तोंडावर थुंकलं असतं तर ते सोसवलं असतं. ही थाप सोसवेना.

"ल्युबित्साचं काय झालं?" गुड्रुनने त्या संध्याकाळी विचारलं.

त्याने सांगितलं. चिंध्यांपासून सगळं. गुड्रुन बराच वेळ टेबलावरचे पावाचे कण गोळा करत राहिली.

"इथे बसली होती रे ती," ती म्हणाली. "या खुर्चीत."

दुसऱ्या दिवशी राइनर टिलमानकडे गेला. टिलमानने ऐकून घेतलं, दार लावलं. "हे तुम्ही मला सांगितलं नाही आणि मी ऐकलं नाही. विषय मिटलाय, हेफेले. कामाला लागा."

मग राइनरने रजा टाकली आणि एकटाच रेल्वेने नीत्र्याला गेला. ल्युबित्साला आता पॅकिंगमध्ये टाकलं होतं. खोक्यांना खिळे ठोकत होती. त्याने उभ्याउभ्याच सांगितलं. तिने हातोडी खाली ठेवली नाही.

"तुम्ही घाईचा हात म्हणालात ना, तेव्हाच कळलं मला," ती म्हणाली. ते 'तुम्ही' राइनरला कानफटात बसल्यासारखं लागलं. "लपवलंत, ते समजू शकते. माझ्या वडिलांचाही कारखाना बंद पडला. पोटासाठी माणूस लपवतो. पण मी तुमचं नाव राखत होते, आणि तुम्ही माझं घालवलंत. सगळ्यांसमोर."

"मी तुझ्या मॅनेजरला सांगतो."

"सांगा. आत्ता. मी पण येते."

तो सांगत असताना ती शेजारी उभी होती. मॅनेजरला जर्मन शब्द अडला की तीच तो त्याला आपल्या भाषेत सांगे, अगदी कोरड्या आवाजात, दुसऱ्याच कुणाची गोष्ट असावी तशी. मॅनेजरने कपाळ चोळलं आणि विचारलं, "मग दाखवणार का आता?"

राइनरने दाखवलं. बेअरिंग तापवलं, सरकवलं, आणि नट तिच्या हाती दिला. ती आवळत राहिली. दोघेही एकमेकांकडे न बघता धातू निवण्याची वाट पाहत उभे राहिले. काम झाल्यावर तिने मॅनेजरला हाक मारली. राइनरला निरोप दिला नाही, त्यानेही मागितला नाही.

ल्युबित्सा पुन्हा रोटरवर गेली, आणि नाताळच्या आत रोटरची जुळणीही नीत्र्याला गेली. राइनरला कंपनीची लेखी ताकीद मिळाली. ती त्याला टोचली नाही. पण बातमी गावच्या कारखान्यात फुटली आणि जेवणाच्या टेबलावर त्याच्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. तो कुणाला दोष देऊ शकत नव्हता. ज्यांच्यासाठी म्हणून लपवलं, त्यांच्याही पोटावर शेवटी त्यानेच पाय दिला होता. डीटमार बेकरीत भेटला तर रांग सोडून निघून जाई.

गावातल्या जुळणीच्या शेवटच्या दिवशी सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. राइनर कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून राहिला. बाहेरचे आवाज थांबले, गाड्या निघून गेल्या, तेव्हा त्याने कोट चढवला आणि मागच्या दाराने बाहेर पडला.