एका माणसाची भांडी

"घरात माणसं किती?" भांड्यांच्या दुकानदाराने विचारलं. कुकर दाखवायच्या आधी तो सगळ्यांनाच हे विचारत असावा.

"एक," मी म्हटलं.

"सात," माझी भावजय सुचित्रा म्हणाली.

दुकानदार आळीपाळीने दोघींकडे बघत राहिला. मला वाटलं सुचित्राचं लक्ष नाही. लालबागच्या त्या दुकानात आम्ही माझ्या घरासाठी भांडी घ्यायला आलो होतो, तिच्या नव्हे. साठी उलटल्यावर मला पहिल्यांदा माझं म्हणून घर मिळालं होतं. मी बिनलग्नाची, सगळं आयुष्य धाकट्या भावाच्या, राजेशच्या संसारात गेलं. मावशीला शेवटपर्यंत मी सांभाळलं म्हणून तिने चाळीतल्या तिच्या खोलीची भाडेपावती माझ्या नावावर केली. चाळ पाडून टॉवर झाला, तेव्हा त्या खोलीच्या बदल्यात नवव्या मजल्यावर मला फ्लॅट मिळाला. त्याच चाळीतल्या आमच्या जुन्या खोलीच्या बदल्यात राजेशला अकराव्यावर. चाव्या नुकत्याच हातात आल्या होत्या.

"सातच ना वन्सं," सुचित्रा म्हणाली. "तुम्ही, आम्ही दोघं, आमचा मयूर, सून आकांक्षा आणि त्यांची दोन पोरं." मग दुकानदाराला समजावत म्हणाली, "जेवणखाण सगळं ह्यांच्याकडेच होणारे. वर आमच्या घरात किचन ठेवतच नाही आम्ही. तिथे मुलांची खोली काढतोय."

हे मला भांड्यांच्या दुकानात कळलं. माझ्या स्वयंपाकघराचं काय करायचं हे घरात ठरलं होतं, त्यांचा वरचा ओटा तोडायला माणूस सांगून झाला होता, आणि मला पत्ता नव्हता. दुकानदाराने मोठा कुकर काढून माझ्यापुढे ठेवला, वर म्हणाला, "मावशी, हा घ्या, वीस माणसं आली तरी अडायचं नाही." मी त्याच्याकडून एक चहाचं भांडं आणि एक गाळणी घेतली आणि बाहेर पडले. सुचित्रा मागून विचारत होती की कुकरचं काय.

संध्याकाळी मी राजेशला विचारलं. चाळ पाडल्यापासून आम्ही सगळे परळला भाड्याच्या घरात एकत्र राहत होतो. तो टीव्हीसमोर बसला होता, आवाजसुद्धा कमी केला नाही.

"अगं, सांगणारच होतो तुला. मयूरचं वर्क फ्रॉम होम असतं, पोरं मोठी होतायत, जागा कुठाय? तुझं किचन नाहीतरी रिकामंच पडणार. एकटीसाठी असं काय रांधणारेस तू?"

"मला विचारलं का कोणी?"

"त्यात विचारायचं काय, ताई? तू काय परकी आहेस?"

फुकट राबवून घ्यायचं असलं की आमच्याकडे कोणी परकं नसतं. बोलले असते तर हातातली परात आपटली असती, आणि त्यात कणीक होती.

माझी आई खानावळ चालवायची. कोकणातून एकटे आलेले गिरणी कामगार आमच्या खोलीत दोन वेळा जेवायला यायचे. पाळी सुटली की एक पंगत, ती उठली की दुसरी. आई चुलीपुढे, मी भाकऱ्या थापायला, आणि राजेश अभ्यासाला गॅलरीत, कारण त्याला धूर सोसायचा नाही. मला सोसायचा, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. सगळे जेवून गेले की आई टोपाच्या तळाशी उरलेला भात खरवडून घ्यायची, त्यावर कालवणाचं पाणी, आणि आम्ही दोघी खाली बसून ते गार जेवण जेवायचो. गिरण्या बंद पडल्या, खानावळ गेली, आई गेली. माझं मात्र तेच राहिलं. छापखान्यात नोकरीला जायच्या आधी सगळ्यांचे डबे, आल्यावर सगळ्यांचं रात्रीचं. निवृत्त झाले तेव्हा राजेश कौतुकाने म्हणाला होता, आता ताईला स्वयंपाकाला निवांत वेळ मिळेल.

दोन-तीन दिवसांनी मी नवं घर पुसायला गेले. दार उघडलं आणि ओट्याकडे बघतच राहिले. आईच्या खानावळीतले पितळी टोप ओट्यावर एकात एक घालून मांडून ठेवले होते. शेजारी ॲल्युमिनियमची पातेली, भात उपसायचा झारा, वाढायचे डावले. माझा हात ठेवायला जागा उरली नव्हती. मयूर मागे हसत उभा होता, माझ्या घराची दुसरी चावी बोटात फिरवत.

"सरप्राइज, आत्या. आज्जीची भांडी. चाळ पाडताना गोडाऊनमध्ये टाकलेली, पप्पांनी काढून मस्त चमकवून घेतली. आता कसं, एकदम आपलं किचन वाटतंय."

"कोणाचं?" मी विचारलं.

"आपलं," तो म्हणाला, आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. पोरगा वाईट नाही. त्याला आयतं ताट पुढे येताना दिसलंय, टोप कुठे दिसलाय.

तो गेल्यावर मी त्यातला मोठा टोप उचलायला गेले. दोन्ही हातांनी उचलेना. हे घासताना माझी नखं काळी व्हायची आणि शाळेत मी हात पाठीमागे धरून उभी राहायची, ते आठवलं आणि डोकंच फिरलं. खानावळ बंद झाली त्या दिवशी आई मला म्हणाली होती, "ते टोप वर टाक गो चेडवा. माका ते डोळ्यांसमोर नको." मीच ते माळ्यावर टाकले होते. राजेशला हे टोप प्रिय, कारण त्याने ते कधी घासले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नव्या घरी जाऊन खालून हातगाडीवाल्याला बोलावलं, सगळं गाडीवर चढवलं आणि त्याच दुकानात नेलं.

"मोडीत द्यायचंय," मी सांगितलं.

दुकानदाराने टोपावर टिचकी मारून बघितली. "मावशी, जुनं पितळ आहे. कलई करून देतो, पुन्हा वापरा. असे टोप आता मिळत नाहीत."

"म्हणूनच देतेय. पुन्हा कोणाला मिळायला नकोत."

तो हसला. मी हसले नाही, तेव्हा त्याने काटा पुढे ओढला. टोप काट्यावर चढले. एक ठेवावा का, आठवण म्हणून, असं मनात आलं. पण एक ठेवला की त्यात सात माणसांचा भात शिजायला वेळ लागत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. सगळे दिले.

आणि मग मी बाकड्यावर बसून मला हवं ते घेतलं. दोन लिटरचा कुकर. त्यातला डबा बघून दुकानदार म्हणाला, "ह्यात एका माणसाचंच होईल हां." मी म्हटलं, "बरोबर." भाकरीला बिडाचा तवा, एक भाकरी नीट बसेल एवढाच. लहान परात. दोन वाट्यांचं कालवण होईल एवढी कढई. खोबरं किसायला खवणीची विळी, कारण मिक्सरचं खोबरं मला आवडत नाही आणि आता आवडून घ्यायची गरज नव्हती. सांडशी, पळी, मिसळणाचा डबा. ताटाशी येऊन गाडी अडली.

"ताटं सहाच्या सेटमध्ये येतात, मावशी."

"मला एक द्या."

"सेट फुटतो."

"फोडा."

"कोणी आलं-गेलं तर?"

"आल्याला चहा देईन. चहाचं भांडं तुमच्याकडूनच नेलंय."

त्याने सेट फोडला. पुटपुटला काहीतरी, पण फोडला. सगळं मिळून दोन पिशव्यांत मावलं. मी त्या दोन्ही हातांत धरून चालत नव्या घरी आले आणि लिफ्टमध्ये एकटीच असताना मोठ्याने हसले.

रविवारी दूध उतू घालवायला सगळे आले. सकाळीच मी नव्या शेगडीला हळदकुंकू लावलं होतं. दूध वर आलं, उतू गेलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळी जणं वर अकराव्यावर गेली, पडदे कुठे, पलंग कुठे ते बघायला. जाताना सुचित्रा म्हणाली, "वन्सं, आज साधंच करा हां, वरण-भात चालेल." जणू माझ्यावर उपकार.

मी साधंच केलं. दोन लिटरच्या कुकरला वरण-भात लावला. शिट्टी झाली, वाफ जिरली, तेव्हा मी माझं एकुलतं एक ताट घेतलं आणि खिडकीजवळ खुर्चीवर बसले. भातावर वरण, वर तूप, कडेला लिंबाची फोड. पहिला घास तोंडात घातला आणि सगळी खाली आली.

आधी कोणाला कळलंच नाही. आकांक्षाने कुकरचं झाकण उघडून बघितलं आणि परत लावलं. राजेशची नजर ओट्यावर फिरली.

"टोप कुठेत?"

"मोडीत दिले."

"आईची भांडी मोडीत काढलीस?"

"आईच ती माळ्यावर टाकायला सांगून गेली होती. तुला खाली काढायची हौस आली. माझ्या ओट्यावर होती, मी काढली."

"आणि आम्ही काय खायचं?"

"वर तुमचा ओटा अजून शाबूत आहे. उद्या तोडायला माणूस येणारे, त्याला नको म्हणून फोन करा. आज काहीतरी मागवा."

मयूरने मोबाइल काढला. त्याला ते लगेच पटलं, पोरांनाही. सुचित्रा मात्र माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "वन्सं, म्हणजे वरचं सगळं आता माझ्याच गळ्यात." हे खरं होतं, आणि मला तिचं वाईट वाटलं. इतकी वर्षं माझ्या हाताखाली कांदे चिरून तिचाही जीव विटला असणार, म्हणूनच तिने ओटा तोडायला होकार दिला असणार.

"पडू देऊ नकोस," मी म्हटलं. "घरात दोन पुरुष आहेत, चार हात आहेत. मी शिकवायला येईन हवं तर. रांधायला येणार नाही."

तिने वळून नवऱ्याकडे बघितलं. मग पोरांना घेऊन वर निघून गेली, तिच्या मागोमाग मयूर आणि आकांक्षा.

राजेश दारात उभा राहिला. त्याला वाटत होतं मी उठेन, तांदूळ काढेन, निदान डोळ्यांना पदर लावेन. माझा धाकटा भाऊ तो, कडेवर घेऊन फिरवलेला. दारात उपाशी उभा. तरी मी ताट खाली ठेवलं नाही.

"आम्ही इथे उपाशी," तो म्हणाला, "आणि तुझ्या घशाखाली घास तरी कसा उतरतो गं, ताई?"

"गरम आहे," मी म्हटलं. "उतरतो."

तो जिन्याने वर गेला, लिफ्टसाठी थांबला नाही. मी पुढचा घास घेतला. कुकरमध्ये उरलेला भातही वाढून घेतला.